कार्यालयातील संगणक आणि सर्व्हर यांचे केंद्रीय व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नासपासून दोन-तीन हजारांपर्यंत संगणक असलेल्या कारखान्यांत, सहकारी बँकांत, रुग्णालयांत आणि शिक्षणसंस्थांत आयटी विभाग सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः विंडोजची आहेत, कारण आपल्याकडच्या कार्यालयांतले बहुतेक डेस्कटॉप त्यावरच चालतात. लिनक्स सर्व्हरचा विचार स्वतंत्र प्रश्नात केला आहे.

सिस्टिम्स मॅनेजमेंट सॉफ्टवेअर नेमके काय काम करते?

प्रत्येक संगणकावर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्राम बसवला जातो. तो ठरावीक वेळाने मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो, आपल्या यंत्रात काय काय आहे ते कळवतो, आपल्यासाठी काही काम ठेवले आहे का ते विचारतो, असल्यास ते करतो आणि झाले की नाही याचा निरोप परत देतो. यंत्रांची व सॉफ्टवेअरची नोंद ठेवणे, पॅच (त्रुटी दुरुस्त करणारी अपडेट) आणि नवी सॉफ्टवेअर पोहोचवणे, कोऱ्या संगणकावर विंडोज चढवणे, सेटिंग ठरल्याप्रमाणे आहे का ते तपासणे आणि दुरून पडदा पाहून मदत करणे ही सगळी कामे याच येण्या-जाण्यावर उभी आहेत.

मायक्रोसॉफ्टने या कामासाठी सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर १९९४ मध्ये बाजारात आणला. २००७ च्या आवृत्तीपासून त्याचे नाव सिस्टिम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजर झाले आणि आज नुसते कॉन्फिगरेशन मॅनेजर या नावाने तो चालू आहे. आयटी विभागांत मात्र त्याला अजूनही एससीसीएमच म्हणतात. युनिक्सच्या बाजूला मार्क बर्जेस यांनी ओस्लोमध्ये १९९३ साली सीएफइंजिन लिहिले. यंत्र कसे असावे ते एकदा लिहून ठेवायचे आणि ते तसे नसेल तर प्रोग्रामनेच तसे करायचे, ही कल्पना तिथून पुढे पपेटसारख्या साधनांत आली.

नवख्या माणसाच्या एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. आपण बटण दाबले म्हणजे काम त्या क्षणी होत नाही. एजंट आपल्या फेरीला येईल तेव्हा होते. कॉन्फिगरेशन मॅनेजरचा एजंट मूळ सेटिंगनुसार दर ६० मिनिटांनी नवे आदेश विचारतो आणि हार्डवेअरची नोंद दर ७ दिवसांनी पाठवतो. पपेटचा एजंट दर ३० मिनिटांनी येतो. पाच मिनिटांत काही दिसले नाही म्हणून तेच काम पुन्हा पाठवले, तर तासाभराने ते दोनदा जाऊन पोहोचते, आणि दोनदा चाललेल्या इन्स्टॉलरने केलेला घोळ निस्तरायला अर्धा दिवस जातो.

आमच्याकडे ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी आहे. तेवढे पुरत नाही का?

ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे कार्यालयातील संगणकांची व खात्यांची मध्यवर्ती यादी, आणि ग्रुप पॉलिसी म्हणजे तिच्यामार्फत सगळ्यांना लावायची सेटिंग. सेटिंग लागू करण्यासाठी ग्रुप पॉलिसी उत्तम आहे आणि ती काढून टाकण्याचे काहीच कारण नाही. डोमेनमधले, म्हणजे या यादीत जोडलेले, संगणक दर ९० मिनिटांनी, त्यात शून्य ते तीस मिनिटांची यादृच्छिक भर घालून, पॉलिसी ताजी करून घेतात; ती यादी सांभाळणारे सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, दर ५ मिनिटांनी घेतात. अडचण अशी की ग्रुप पॉलिसी सांगते, पण विचारत नाही. तीनशे संगणकांपैकी कितींवर सेटिंग खरोखर लागली, कोणत्या बारा यंत्रांवर लागली नाही आणि का लागली नाही, हे तिच्याकडून एका जागी कळत नाही. व्यवस्थापन सॉफ्टवेअरचे खरे मोल या परत येणाऱ्या उत्तरात आहे.

किती संगणक असतील तर हा खर्च करावा?

वीस-पंचवीस संगणक एकाच मजल्यावर असतील तर विंडोजचे स्वयंचलित अपडेट आणि नीट ठेवलेली एक वही पुरते. संख्या पन्नासच्या पुढे गेली, किंवा दुसऱ्या गावात एक शाखा जरी निघाली, की उठून प्रत्येक यंत्रापाशी जाणे शक्य राहत नाही, आणि तेव्हा मात्र हा खर्च टाळू नये.

सुरुवात कशापासून करावी?

मोजणीपासून. विक्रेता प्रात्यक्षिकात पॅच आणि डॅशबोर्ड दाखवतो, आपणही त्यातच रमतो, पण आपल्याकडे यंत्रे किती आहेत हे माहीत नसताना केलेला कोणताही बंदोबस्त अर्धाच असतो. माझ्या अनुभवात लेखा विभागाच्या मालमत्ता नोंदवहीतला आकडा, एजंटने कळवलेला आकडा आणि नेटवर्कच्या स्विचला दिसणारा आकडा हे तिन्ही पहिल्या दिवशी कधीच जुळत नाहीत. हा फरक कागदावर घ्यावा आणि एकेका यंत्राचा माग काढत तो मिटवावा. काम कंटाळवाणे आहे आणि दोन-तीन आठवडे खाते, पण त्याला पर्याय नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात असाच माग काढताना आम्ही मुख्य फाटकाशेजारच्या वजनकाट्याच्या केबिनपर्यंत पोहोचलो. तिथे लाकडी टेबलाखाली, उसाच्या मोसमातली धूळ थरांनी बसलेला एक संगणक होता, त्याला सीरियल केबलने काट्याचा इंडिकेटर जोडलेला होता आणि डब्यावर कागदी पट्टी चिकटवून मार्करने लिहिले होते, ‘बंद करू नये’. पडद्यावर विंडोज एक्सपी. हे यंत्र डोमेनमध्ये नव्हते, नोंदवहीत ते भंगारात गेलेले दाखवले होते, आणि तरीही दर ट्रकची पावती मुख्य सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये टाकता यावी म्हणून त्या सर्व्हरचा पासवर्ड त्यात कायमचा साठवलेला होता. काट्यावरच्या कर्मचाऱ्याचा यात काही दोष नव्हता; त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्या यंत्राला आम्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात, टाकले, सर्व्हरकडे फक्त एका फोल्डरपुरती लिहिण्याची परवानगी ठेवली आणि मोसम संपल्यावर ते बदलले. त्याच्यावर एजंट बसणार नव्हता, पण नोंद मात्र झाली.

नोंदीत यंत्राचा क्रमांक आणि मेमरी यांच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते कोणाच्या कामाचे आहे आणि कोणाला विचारून बंद करायचे. हे कोणताही एजंट शोधून देत नाही, ते माणसालाच भरावे लागते.

एजंटमुळे संगणक मंद होतात अशी तक्रार येते. ती खरी आहे का?

कधी कधी खरी असते. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या यंत्रावर सकाळी साडेनऊला अँटिव्हायरसची तपासणी, सॉफ्टवेअरची नोंद आणि पॅचची पडताळणी एकदमच सुरू झाली, तर दहा मिनिटे माउसही हलत नाही. नोंद घेण्याची वेळ जेवणाच्या सुट्टीत टाकावी, संपूर्ण डिस्कवरच्या फाइली मोजण्याचा पर्याय बंद ठेवावा, आणि तरीही तक्रार राहिली तर डिस्क बदलून एसएसडी घालावी.

पॅच केव्हा द्यावेत? महिन्याचे वेळापत्रक कसे आखावे?

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा पॅच प्रसिद्ध करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. याचा अर्थ आपला पहिला कामाचा दिवस बुधवार.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते आणि हा योगायोग उपयोगी पडतो. बुधवारी आयटी विभागाची स्वतःची यंत्रे आणि प्रत्येक विभागातला एकेक समजूतदार स्वयंसेवक यांच्यावर पॅच द्यावा. गुरुवारी कारखाना बंद असताना चाचणी सर्व्हरवर आणि उत्पादनाशी थेट संबंध नसलेल्या यंत्रांवर द्यावा. पुढच्या सोमवार-मंगळवारी कार्यालयातील निम्म्या यंत्रांवर, आणि त्यानंतरच्या गुरुवारी उरलेल्या सर्वांवर व मुख्य सर्व्हरवर. यंत्रांच्या या गटांना आमच्याकडे लाटा म्हणतात. एक लाट शांतपणे किनाऱ्याला लागल्याशिवाय दुसरी सोडायची नाही.

एक खबरदारी लेखा विभागाची. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखांच्या दरम्यान येतो आणि मासिक जीएसटीआर-१ भरण्याची मुदत ११ तारखेची असते. मासिक जीएसटीआर-३बी ची मुदत साधारणपणे २० तारखेची. या दोन तारखांच्या आदल्या दिवशी व त्या दिवशी लेखा विभागाच्या यंत्रांना रीस्टार्टपासून मोकळे ठेवावे. हे वेळापत्रक वर्षभराचे आधीच काढून लेखा विभागप्रमुखांची सही घेतली, तर पुढचे बरेच वाद होतच नाहीत.

रोज संध्याकाळी संगणक बंद करतात, तरीही पॅच अर्धवट राहिलेले दिसतात. असे का?

विंडोजच्या फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच उचलते, म्हणून कर्मचारी रोज यंत्र बंद करत असूनही अहवालात ते महिनाभर सलग चालू दिसते. ज्या पॅचला खरा रीस्टार्ट हवा असतो तो तसाच लटकून राहतो. सर्व डेस्कटॉपवर ही सोय पॉलिसीने बंद करावी.

पॅच आल्याबरोबर टाकावा की थोडे थांबावे? दोन्ही बाजूंनी भीती वाटते.

दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि त्या दोन तारखांनी लक्षात ठेवता येतात.

पहिली १२ मे २०१७. त्या दिवशी वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा (स्वतःहून पसरणारा प्रोग्राम) सुटला आणि सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर पसरला. इंग्लंडमधल्या सार्वजनिक रुग्णालयांच्या किमान एक तृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत झाले. तो एसएमबी या फाइली वाटून घेण्याच्या विंडोजमधल्या सोयीच्या पहिल्या आवृत्तीतल्या ज्या त्रुटीतून शिरत होता, तिच्यावरचा एमएस१७-०१० हा पॅच १४ मार्चलाच प्रसिद्ध झाला होता, म्हणजे तब्बल ५९ दिवस आधी. विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला तातडीने वेगळा पॅच काढावा लागला म्हणून जुन्या विंडोजकडे बोट दाखवले गेले, पण बाधित झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच तयार होता. तो लावलेला नव्हता, एवढेच.

दुसरी १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपल्याकडच्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. मधल्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडून निळ्या पडद्यावर गेली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यातली मेख अशी की अनेक ग्राहकांनी सॉफ्टवेअरची आवृत्ती एक पायरी मागे ठेवण्याची काळजी घेतली होती, पण ती काळजी मुख्य प्रोग्रामच्या आवृत्तीला लागू होती. धोक्यांची माहिती घेऊन येणाऱ्या या फाइलीला ती लागू नव्हती.

माझे मत स्पष्ट आहे. ५९ दिवस हा फार मोठा काळ आहे आणि एका क्षणी सर्व यंत्रांवर काहीही पाठवणे ही फार मोठी जोखीम आहे, म्हणून पहिली लाट पॅच आल्यापासून २४ तासांत आणि शेवटची १४ दिवसांत संपवावी. त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू असल्याचे जाहीर झाले असेल, तर हीच सगळी मांडणी तीन दिवसांत बसवावी. लाटा जवळजवळ आणाव्यात, पण त्या गाळू नयेत. तसेच अँटिव्हायरस, ड्रायव्हर, ब्राउझर यांपैकी कोण कोण आपल्या वेळापत्रकाला वळसा घालून थेट अपडेट आणतो, त्याची यादी करून प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये टप्प्यांची सोय आहे का ते विक्रेत्याला लेखी विचारावे.

सगळी यंत्रे एकदम सुरू होईनाशी झाली, तर दुरून काही करता येते का?

विंडोजच उभी राहत नसेल तर एजंटही उठत नाही, त्यामुळे व्यवस्थापन सॉफ्टवेअर अशा वेळी हतबल असते. १९ जुलैला नेमके हेच झाले. प्रत्येक यंत्र सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींनिशी सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये, नेऊन ती एक फाइल पुसायची होती; काम दोन मिनिटांचे होते, पण डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या कूटबद्धीकरणाच्या सोयीने कुलूपबंद असल्याने आधी ४८ अंकी रिकव्हरी की टाकावी लागत होती. सहा-सहा अंकांचे आठ गट फोनवरून वाचून दाखवायचे, पलीकडच्याने टंकायचे, एक अंक चुकला की त्या गटापाशी थांबून पुन्हा वाचायचे. आणि काही ठिकाणी या चाव्या ज्या सर्व्हरवर साठवलेल्या, तोच सर्व्हर निळ्या पडद्यावर होता.

म्हणून आजच तीन गोष्टी कराव्यात. बिटलॉकरच्या चाव्यांची एक प्रत नेटवर्कबाहेरच्या कूटबद्ध डिस्कवर काढून तिजोरीत ठेवावी आणि दर महिन्याला ती ताजी करावी. विंडोज पीई, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच सुरू होणारी छोटी विंडोज, असलेले दहा-पंधरा पेनड्राइव्ह तयार ठेवावेत. आणि प्रत्येक शाखेत एका बिगर-आयटी कर्मचाऱ्याला सेफ मोडमध्ये जाणे प्रत्यक्ष करून शिकवावे, कारण त्या दिवशी आपण एकाच वेळी नाशिक, सोलापूर आणि मडगावला पोहोचू शकणार नाही.

सर्व्हरना डेस्कटॉपसारखेच वागवायचे का?

नाही. डेस्कटॉप बिघडला तर एका माणसाचे काम अडते, सर्व्हर बिघडला तर सगळ्यांचे. सर्व्हरच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा असतो: ॲप्लिकेशन आधी थांबवायचे, मग डेटाबेस, चालू करताना डेटाबेस आधी, मग ॲप्लिकेशन. दोन डोमेन कंट्रोलर एकाच रात्री रीस्टार्टला लावू नयेत. पॅचपूर्वी आभासी सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घ्यावा, पण त्याला बॅकअप समजू नये आणि दोन-तीन दिवसांत तो काढून टाकावा. विसरलेला स्नॅपशॉट वाढत जाऊन स्टोरेज भरून टाकतो. सर्व्हरचा रीस्टार्ट कधीही आपोआप होऊ देऊ नये, त्या वेळी जबाबदार माणूस जागा असलाच पाहिजे.

लिनक्स सर्व्हरसाठी काय वापरावे?

थोडे असतील आणि एसएसएच या दुरून आदेश देण्याच्या सुरक्षित मार्गाने पोहोचता येत असेल तर ॲन्सिबल. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये आणले आणि २०१५ मध्ये रेड हॅटने घेतले. त्याला एजंट लागत नाही, सर्व्हरची यादी आणि करायच्या कामांची प्लेबुक या दोन साध्या मजकूर फाइलींवर काम चालते, आणि त्या फाइली गिटमध्ये ठेवल्या की कोणी कधी काय बदलले याची नोंद आपसूक राहते. प्लेबुकमध्ये ‘सीरियल’ ही ओळ घालून एका वेळी दोनच सर्व्हर हाताळायला सांगावे आणि खऱ्या कामापूर्वी चेक मोडमध्ये चालवून पाहावे. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, पॅच लागला तरी रीस्टार्ट होईपर्यंत जुनाच कर्नल चालत असतो, हे अहवालात वेगळे दाखवावे.

शाखेची लाइन बारीक आहे. पॅचच्या दिवशी सगळे ठप्प होते. उपाय काय?

हिशेब करून पाहू. एक मासिक पॅच ६०० एमबीचा आहे, शाखेत ४० संगणक आहेत आणि लाइन १० एमबीपीएसची आहे. प्रत्येकाने स्वतः उतरवला तर २४ जीबी होतात आणि लाइन पूर्ण भरून सव्वापाच तासांहून अधिक वेळ लागतो, तोही दुसऱ्या कोणी काही वापरले नाही तर. तोच पॅच शाखेत एकदाच उतरवून आतल्या आत वाटला, तर बाहेरच्या लाइनवर आठ मिनिटांचे काम उरते.

त्यासाठी शाखेतल्या एखाद्या यंत्राला वितरण केंद्र करता येते, किंवा विंडोजमधली डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची सोय वापरून शेजारच्या संगणकांनी एकमेकांना तुकडे द्यावेत असे सांगता येते. दुसऱ्या उपायाला वेगळा सर्व्हर लागत नाही, म्हणून लहान शाखेसाठी मी तोच आधी सुचवतो. कामाच्या वेळेत पॅचला लाइनचा किती हिस्सा वापरू द्यायचा याची मर्यादाही घालावी.

रात्री पॅच द्यायचे ठरवले, पण यंत्रे बंद असतात. ती दुरून चालू करता येतात का?

वेक-ऑन-लॅनने येतात. नेटवर्कवर एक विशेष पाकीट सोडले जाते, ज्यात आधी सहा बाइट एफएफ आणि मग त्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) सोळा वेळा लिहिलेला असतो. बंद संगणकाचे नेटवर्क कार्ड जागे असल्यामुळे ते हा पत्ता ओळखते आणि यंत्र उठवते. बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये, ही सोय चालू असावी लागते आणि हे पाकीट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात सहसा जात नाही, म्हणून प्रत्येक व्हीलॅनमध्ये ते सोडणारे एक यंत्र हवे.

प्रत्यक्षात अडते ते वेगळ्याच ठिकाणी. संध्याकाळी सात वाजता सुरक्षा रक्षक किंवा शिपाई मजल्यावर फेरी मारतो आणि भिंतीवरचे बटण बंद करतो, की कार्डाला वीजच राहत नाही. त्याला तसेच सांगितलेले असते आणि तो आपले काम चोख करतो. पॅचच्या रात्रीपूर्वी प्रशासन विभागाला पत्र द्यावे, आणि कोणत्या बटणाला हात लावायचा नाही हे त्या माणसाला स्वतः जाऊन दाखवावे.

घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपचे काय?

जे यंत्र महिनोन्‌महिने कार्यालयात येत नाही, त्याचा एजंट इंटरनेटवरूनच बोलू शकला पाहिजे. व्हीपीएन जोडल्यावरच पॅच मिळतील ही रचना आता चालत नाही. मायक्रोसॉफ्टचे इनट्यून किंवा इतर कोणतेही क्लाउडवरचे व्यवस्थापन यासाठीच आहे.

हे सॉफ्टवेअरच कोणाच्या हाती लागले तर?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि तोच सर्वांत आधी विचारायला हवा. ज्याच्याकडे या सर्व्हरचा ताबा, त्याच्याकडे प्रत्येक यंत्रावर सर्वोच्च अधिकाराने काहीही चालवण्याचा ताबा.

२ जुलै २०२१ रोजी, अमेरिकेत स्वातंत्र्यदिनाची जोडसुट्टी लागताना, कॅसेया कंपनीच्या व्हीएसए या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील त्रुटीतून रेव्हिल टोळीने खंडणीचा प्रोग्राम वाटला. कंपनीच्या सांगण्यानुसार थेट ग्राहक साठाहून कमी बाधित झाले, पण ते दुसऱ्यांची यंत्रे सांभाळणारे असल्याने फटका पंधराशेपर्यंत व्यवसायांना बसला. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीला आपली सुमारे ८०० दुकाने बंद करावी लागली. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या, नेटवर्क सांभाळण्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या सोलरविंड्स कंपनीच्या प्रकरणात तर खुद्द विक्रेत्याच्या सहीचे अपडेटच दूषित होते आणि ते सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेले होते.

आपल्या दाराशी आलेले उदाहरण नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामचे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटले, मर्स्क या जहाज कंपनीत शिरले आणि तिच्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नॉटपेट्या वॉनाक्रायच्याच त्रुटीचा वापर करत होते, पण तेवढ्यावर थांबत नव्हते. एका यंत्राच्या मेमरीतून प्रशासकाचा पासवर्ड उचलून, आपण रोज वापरतो त्याच पीएसएक्झेक आणि डब्ल्यूएमआय या दुरून आदेश चालवण्याच्या साधनांनी ते पॅच लावलेल्या यंत्रांतही जात होते.

यावरून काय करायचे ते ठरते. सर्व यंत्रांवर एकच स्थानिक प्रशासक पासवर्ड ठेवण्याची सवय आजच सोडावी. प्रत्येक यंत्राचा वेगळा पासवर्ड आपोआप बदलत ठेवणारी लॅप्स ही सोय एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत. व्यवस्थापन सर्व्हरवर जाण्यासाठी वेगळे खाते आणि दुहेरी पडताळणी असावी. त्याचे पान इंटरनेटवर उघडे नसावे. शंभरहून अधिक यंत्रांवर जाणारे कोणतेही काम दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय सुटू नये. आणि त्याचा बॅकअप त्याच डोमेनमधल्या सर्व्हरवर ठेवू नये.

कर्मचाऱ्याच्या पडद्यात त्याला न सांगता पाहता येते का?

तांत्रिकदृष्ट्या येते, करू नये. दुरून मदत घेताना समोरच्याने ‘होय’ दाबल्याशिवाय पडदा दिसणार नाही आणि सत्र संपेपर्यंत वरती पट्टी दिसत राहील, असे सेटिंग कायम ठेवावे. एजंट कोणती माहिती गोळा करतो आणि ती कोण पाहतो, हे नेमणुकीच्या वेळीच मराठीत लिहून द्यावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तो नसता तरीही हे केलेच पाहिजे, कारण आपल्यावर पाळत आहे असे वाटणारा माणूस पहिली संधी मिळताच एजंट बंद पाडतो.

सर्ट-इनच्या नियमांचा याच्याशी काय संबंध?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, सर्व प्रणालींचे लॉग (घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस भारतात जपून ठेवावे लागतात आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. सहा तासांत कोणती यंत्रे बाधित आहेत हे सांगायचे तर नोंद आधीच तयार हवी. घड्याळांची तपासणी तर एजंटकडून रोज करून घेता येते. तसेही डोमेनमध्ये घड्याळ पाच मिनिटांहून अधिक चुकले की लॉगिनच अडते.

विंडोज १० ची यंत्रे अजून चालू आहेत. ठेवावीत का?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षे वाढीव सुरक्षा पॅच विकत घेता येतात, पण त्यांचा दर पहिल्या वर्षासाठी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर असून पुढे तो दरवर्षी दुप्पट होतो. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, आणि उशिरा सुरुवात केली तरी मागच्या वर्षांचे पैसे भरावेच लागतात. एवढ्या पैशांत नव्या यंत्राचा बराचसा खर्च निघतो. एजंटच्या नोंदीतून टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असलेली यंत्रे वेगळी काढावीत, त्यांच्यावर विंडोज ११ चढवावे आणि उरलेल्यांपैकी ज्यांना खरोखरच हलवता येत नाही तेवढ्यांपुरतेच पॅच विकत घ्यावेत.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

मायक्रोसॉफ्टचे परवाने आधीच घेतलेले असतील तर त्यात इनट्यून समाविष्ट आहे का ते प्रथम तपासावे. अनेक संस्था त्याचे पैसे भरतात आणि वापरत नाहीत. मोठ्या संस्थेत स्वतःचा सर्व्हर ठेवायचा असेल तर कॉन्फिगरेशन मॅनेजर आहे, किंवा २०१९ पासून एचसीएलकडे असलेले बिगफिक्स आहे, जे विंडोज, लिनक्स आणि मॅक एकत्र हाताळते. मध्यम संस्थांना चेन्नईच्या झोहो समूहाचे एंडपॉइंट सेंट्रल परवडते आणि शिकायला सोपे जाते. पैसेच नसतील तर नोंदीसाठी ओसीएस इन्व्हेंटरी आणि जीएलपीआय ही मुक्त साधने आहेत. डब्ल्यूएसयूएस हा मायक्रोसॉफ्टचा पॅच वाटणारा सर्व्हर नव्याने उभारू नये: सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा पुढचा विकास थांबवल्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातल्याच एका गंभीर त्रुटीसाठी तातडीचा पॅच काढावा लागला.

खरेदीपूर्वी प्रात्यक्षिकावर विसंबू नये. आपली सर्वांत जुनी दहा यंत्रे आणि सर्वांत लांबची शाखा घेऊन महिनाभर चालवून पाहावे.

अहवालात ९८ टक्के यंत्रे अद्ययावत दिसतात. हे चांगले आहे ना?

कशाचे ९८ टक्के, ते आधी पाहावे. एजंट ज्या यंत्रांवर आहे आणि ज्यांनी अलीकडे निरोप दिला आहे, त्यांचाच हा हिशेब असतो. ज्या यंत्रावर एजंट बसलाच नाही, किंवा जिथला एजंट दोन महिन्यांपूर्वी मरून पडला, ते यंत्र अनेकदा या आकड्यात अद्ययावतही नसते आणि मागासलेलेही नसते. ते मोजलेलेच नसते. वजनकाट्यावरचा तो संगणक कोणत्याच अहवालात लाल दिसला नव्हता.

मी व्यवस्थापनाला टक्केवारीऐवजी दोन याद्या देतो. पहिल्या यादीत १४ दिवसांत ज्यांचा निरोप आला नाही अशी यंत्रे, प्रत्येकापुढे शोधणाऱ्याचे नाव आणि तारीख. दुसरीत स्विच आणि डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते देणारी सेवा) यांना दिसणारे, पण एजंटला माहीत नसलेले मॅक पत्ते. दर सोमवारी सकाळी दोन्ही याद्या छापून टेबलावर ठेवतो आणि दुपारपर्यंत कोणी तरी त्यातल्या पहिल्या यंत्रापाशी प्रत्यक्ष जाऊन उभे राहते.